जुन्या पोलीस रिव्हॉल्व्हरचा छंद: पुण्यात राहून सुरुवात कशी करायची

जुन्या पोलिसी रिव्हॉल्व्हरचं ज्यांना नव्याने वेड लागलंय पण नेमकं कुठून सुरू करायचं ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, ती पुढे प्रत्येक पायरीला कामाला येईल. या छंदात लोखंडापेक्षा कागद मोठा आहे. रिव्हॉल्व्हर खरंच कुणा पोलिसाच्या कमरेला होतं हे सिद्ध करणारा शिक्का, पावती, फोटो, नोंद यातलं काहीच नसेल तर ते नुसतं एक जुनं रिव्हॉल्व्हर, मग विकणारा कितीही रंगवून सांगू दे. आणि आपल्या देशात तर कागद नसताना लोखंड हातात आलं की सरळ गुन्हाच दाखल होतो, त्यामुळे इथे कागदाला दुप्पट महत्त्व.

पहिलं काम, कायदा नीट समजून घ्या

अमेरिकेतले व्हिडिओ बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात काचेच्या कपाटात ओळीने लावलेली रिव्हॉल्व्हर्स असतात. ते इथे होणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा म्हणजे पुढचा मनस्ताप वाचेल. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती मर्यादा दोनवर आली, आणि वारसाने आलेलं शस्त्रसुद्धा या दोनातच धरतात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, पिंपरी-चिंचवडला आता वेगळं आयुक्तालय आहे, आणि ग्रामीण भागात राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. अर्जात "मला जुनी रिव्हॉल्व्हर्स जमवायची आहेत" असं लिहून परवाना मिळेल असं समजू नका, तिथे स्वसंरक्षण, नेमबाजी, शेतीचं संरक्षण अशी कारणं बघतात आणि तीही पटली पाहिजेत.

यानंतर बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप. गन हाउसमध्ये लोक पीबी आणि एनपीबी म्हणतात, म्हणजे प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ रिम्ड (बुडाला कडा असलेलं) काडतूस बसतं आणि उडतं ते पीबीमध्ये जातं. आता आपल्या देशातल्या पोलिसांच्या हातात जी सगळ्यात जास्त दिसली ती ब्रिटिश बनावटीची वेब्ली मार्क फोर आणि एनफिल्ड नंबर टू ही दोन्ही नेमकी .३८० ची, आणि त्याआधीची जाडजूड वेब्ली मार्क सिक्स .४५५ ची. म्हणजे ज्यांचे फोटो बघून आपण या छंदात येतो तीच सामान्य माणसाला जवळजवळ बंद आहेत, कारण पीबीचा विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. परवान्याशिवाय पीबी शस्त्र सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत आहे. एवढं वाचल्यावर "एक ओळखीचा माणूस गावाकडून आणून देतो म्हणतोय" हा विचारही डोक्यातून काढून टाका.

लोक "अँटिक आहे, त्याला लायसन लागत नाही" असं सर्रास ठोकून देतात, त्यामागे काय आहे तेही बघू. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण कोणाला? जे शस्त्र कालबाह्य बनावटीचं आहे किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचं आहे किंवा नादुरुस्त आहे, आणि जे दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला. "दुरुस्त करूनही नाही" हे शब्द नीट वाचा. फायरिंग पिन काढून टाकली, घोडा तुटलाय, गंजून अडकलंय, एवढ्याने ते सुटत नाही, कारण चांगला कारागीर ते परत चालू करू शकतो. दुसरी गोष्ट, फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने नियमांत बदल करून क्युरिओ, म्हणजे जुन्या दुर्मीळ वस्तू, या गटातली छोटी शस्त्रं घरी ठेवायला भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही असं केलं, पण ती वापरायची, बरोबर न्यायची किंवा इकडून तिकडे हलवायची तर परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यांच्यासाठी काडतुसं मिळत नाहीत. पण एखादी वस्तू क्युरिओत बसते का, हे विकणाऱ्याने ठरवायचं नाही आणि आपणही नाही. परवाना शाखेकडे लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, गरज वाटली तर या कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला आधी गाठा. तोंडी "चालतंय हो" ला काही अर्थ नाही.

घरात सापडलं तर

हा प्रश्न पुण्यात फार येतो, कारण पेठांमधले वाडे पाडून इमारती होतायत, आजोबांची ट्रंक उघडली जाते आणि तळाशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी निघतं. आजोबा फौजदार होते म्हणून सगळे आनंदाने फोटो काढायला लागतात. फोटो लगेच व्हॉट्सअॅपवर टाकू नका. उघडझाप करू नका, चाप ओढून बघू नका, आत काडतूस आहे असंच समजून हात लावायचा थांबा आणि मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा.

मग शोधायचं ते परवान्याचं जुनं पुस्तक. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: सर्व्हिस रिव्हॉल्व्हर सरकारचं असतं, निवृत्त होताना ते जमा होतं. त्यामुळे आजोबांकडे घरी जे होतं ते बहुतेक वेळा त्यांचं स्वतःचं, खाजगी परवान्यावर घेतलेलं असतं, आणि तसा परवाना असेल तर त्यावर मेक, बोअर आणि नंबर सापडेल. परवानाधारक वारल्यावर ते शस्त्र घरात तसंच ठेवणं बेकायदा होतं, कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पिशवीत घालून स्कूटरवर नेऊ नका, आधी ठाण्यात जाऊन किंवा फोन करून सांगा, लेखी अर्ज द्या, ते कसं आणायचं किंवा कोण न्यायला येईल ते त्यांना ठरवू द्या. जमा करताना मेक, बोअर, नंबरसकट पावती घ्या. त्यानंतर कायदेशीर वारस म्हणून अर्ज करता येतो, आणि बोअर एनपीबी असेल, बाकी कागद स्वच्छ असतील, तर ते घरात परत येण्याचा रस्ता खुला राहतो. माझ्या मते पुण्यातल्या माणसाला खरी पोलीस हिस्ट्री असलेलं रिव्हॉल्व्हर कायदेशीर मिळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच आहे, स्वतःच्या घरातलं, कारण तिथे माणूसही माहितीचा आणि कागदही घरातच.

दुसरं काम, नाव आणि मालकी यातला फरक शिकून घ्या

नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी म्हणजे आयर्लंडचं जुनं पोलीस दल. त्यांनी १८६८ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं एक दणकट, छोट्या नळीचं रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि ते इतकं गाजलं की वेब्लीने त्या मॉडेलचं नावच आर.आय.सी. ठेवलं आणि वर्षानुवर्षं जगभर, सामान्य गिऱ्हाइकांना, त्याच नावाने विकलं. आता एखाद्या तुकड्यावर आर.आय.सी. कोरलेलं दिसलं की नवीन माणूस उड्या मारतो. अरे पण ते मॉडेलचं नाव आहे! ते आयर्लंडच्या शिपायाकडे होतं असं त्यावरून अजिबात ठरत नाही. दलाने स्वतः मारलेला मालकीचा शिक्का आणि दलाचा नंबर वेगळा असतो, तो कंपनीच्या नक्षीदार अक्षरांसारखा सुबक नसतो, बहुतेक वेळा हाताने पंच केलेला, थोडा वाकडा.

हेच अमेरिकेच्या कोल्टचं. पोलीस पॉझिटिव्ह १९०७ पासूनचं, ऑफिशियल पोलीस १९२७ पासूनचं. स्मिथ अँड वेसनचं मिलिटरी अँड पोलीस १८९९ चं, त्यालाच १९५७ नंतर मॉडेल १० म्हणायला लागले. नळीवर पोलीस शब्द छापलेला आहे म्हणजे पोलिसाचं, हा हिशोब चुकीचा, कारण ही सगळी दुकानातून कुणीही विकत घेत होतं. पोलीस मालकी दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या: मुठीच्या मागच्या पट्टीवर किंवा बुडाला खात्याचं नाव किंवा आद्याक्षरं, खात्याचा रॅक नंबर (शस्त्रागारातला नंबर), कधी अधिकाऱ्याचा बिल्ला नंबर.

ब्रिटिश आणि भारतीय तुकड्यांवर बाणाची खूण बघायला शिका. सरकारी मालकीचा बाण असतो, भारत सरकारच्या मालावर त्याच्या खाली आय हे अक्षर असतं, आणि सरकारी सेवेतून रीतसर विकून टाकलेल्या मालावर दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर मारलेले असतात. ही समोरासमोरच्या बाणांची खूण फार कामाची, कारण ती दिसली नाही तर पहिला प्रश्न हाच की सरकारी वस्तू बाहेर आली कशी.

तिसरा पुरावा कंपनीचं पत्र. कोल्टचं अर्काइव्ह आणि स्मिथ अँड वेसनचं हिस्टॉरिकल फाउंडेशन फी घेऊन सिरियल नंबरवरून जुन्या पाठवणीच्या नोंदी शोधतात आणि तो नग कधी, कोणाकडे रवाना झाला ते लिहून देतात. पत्रात थेट पोलीस खात्याचं नाव आलं तर विषय संपला. एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचं नाव आलं तर तिथून पुढचा माग तुम्हाला दुसऱ्या कागदांनी जोडावा लागतो. पत्रांचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे स्मिथ अँड वेसनचं १९३५ चं रजिस्टर्ड मॅग्नम, पहिलं .३५७ मॅग्नम, गिऱ्हाईक नळीची लांबी सांगेल तसं बनवायचे आणि प्रत्येकाला नोंदणीचं प्रमाणपत्र मिळायचं, पहिला नग एफबीआयच्या जे. एडगर हूव्हरला गेला. त्यातले काही अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी घेतले होते आणि त्यांच्यावरचे नंबर संग्राहक आजही पाठ करून बसलेत. तो नग आपल्या हातात येणार नाहीये, पण त्याचा अभ्यास जरूर करा, कागद आणि लोखंड जुळवायचं कसं हे त्यावरून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

आता .३२ बद्दल, कारण खरी गंमत इथे आहे

पीबीमुळे सगळंच बंद झालं असं वाटत असेल तर थांबा. आपल्याकडे परवान्यावर रिव्हॉल्व्हर म्हटलं की .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ तुम्ही पाहिलं असेल, बँकेबाहेर, मंगल कार्यालयात, कुणाच्या तरी कमरेला. लोक त्याला सरकारी माल म्हणून फार किंमत देत नाहीत. पण त्याच्या काडतुसाचा इतिहास बघा. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ मध्ये त्या कंपनीच्या पहिल्या हँड इजेक्टर रिव्हॉल्व्हरबरोबर आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावर थिओडोर रूझवेल्ट होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, आणि त्यांच्या काळात तिथल्या शिपायांच्या हातातली भलतीसलती रिव्हॉल्व्हर्स बंद होऊन सगळ्यांना एकसारखं कोल्ट न्यू पोलीस मिळालं, तेही .३२ बोअरचंच. त्याआधी ज्याला जे परवडेल ते तो बाळगायचा. म्हणजे न्यूयॉर्कच्या पोलिसांचं पहिलं ठरवून दिलेलं रिव्हॉल्व्हर ज्या बोअरचं, तोच बोअर आपल्याकडे एनपीबी आहे.

त्यामुळे परवाना असलेल्या माणसाला जुनं कोल्ट न्यू पोलीस, .३२ मधलं पोलीस पॉझिटिव्ह, स्मिथ अँड वेसनचं हँड इजेक्टर, वेब्ली अँड स्कॉटचं .३२ हे कायद्याच्या चौकटीत बघता येतं. पण स्वस्त नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बंदुकांची आयात बंद आहे, त्यामुळे आधी आलेला माल तेवढाच फिरतोय आणि चांगलं विदेशी .३२ लाखांत जातं. अमेरिकेतली किंमत बघून इथे घासाघीस करायला जाऊ नका, तो बाजार वेगळा आणि हा वेगळा. खरेदी फक्त परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा परवानाधारकाकडून आयुक्तालयाच्या मंजुरीने, परवान्यावर नोंद चढवून. आणि फक्त दोन जागा आहेत हे विसरू नका, पहिल्याच वर्षी समोर आलेल्या कसल्याही तुकड्याने एक जागा भरून टाकू नका, थांबा.

आणखी एक धागा सांगतो जो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतो. अमेरिकेच्या रुगरने त्यांचं सर्व्हिस सिक्स हे पोलीस रिव्हॉल्व्हर भारतासाठी .३८० रिम्ड मध्ये बनवून दिलं होतं, म्हणजे आपल्याकडचं जुनं ब्रिटिश काडतूस चालावं म्हणून. ते पीबी आहे, विकत घ्यायचा प्रश्नच नाही, पण जुन्या पोलीस परेडच्या फोटोत वेब्लीपेक्षा वेगळी मूठ दिसली तर आता तुम्हाला शंका यायला हरकत नाही. तसंच सिंगापूर पोलिसांची वेब्ली मार्क फोर, त्यांना चक्क सेफ्टी कॅच बसवलेला होता, रिव्हॉल्व्हरला असं क्वचितच दिसतं, पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या जागी मॉडेल १० आली. अशा बारक्या फरकांची एक वही करा, वर्षभरात नजर तयार होते.

तिसरं काम, रिव्हॉल्व्हरच्या भोवतीचं जमवा

माझं प्रामाणिक मत सांगतो, पुण्यातल्या नवीन माणसाने पहिली काही वर्षं लोखंडाला हातच लावू नये. शिट्टी, पट्ट्याचं बक्कल, होल्स्टर, रिव्हॉल्व्हरची दोरी, जुने परवाने, गन हाउसच्या पावत्या, कंपन्यांचे जुने कॅटलॉग, परेडचे ग्रुप फोटो, खात्याच्या सूचनापुस्तिका. याला परवाना लागत नाही, बजेट हातात राहतं, आणि पुढे कधी रिव्हॉल्व्हर आलंच तर त्याची गोष्ट सिद्ध करायला हेच लागतं.

शिट्टीपासून सुरू करा. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांना शिट्ट्या पुरवायचं काम १८८३ मध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनला मिळालं, त्याआधी शिपाई लाकडी खुळखुळा फिरवून मदत बोलवायचे. त्या शिट्ट्या आणि त्यांच्या नकला साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात गेल्या, आपल्याकडेही. नळकांड्यावर जे. हडसन आणि खाली बर्मिंगहॅमचा पत्ता कोरलेला असतो, कंपनीची जागा बदलत गेली तसा पत्ता बदलला, त्यामुळे पत्त्यावरून काळ काढता येतो. एका शिट्टीत तुम्ही शिक्के वाचायला, झीज ओळखायला आणि नक्कल पकडायला शिकता.

बक्कल आणि बिल्ल्यांचं जरा वेगळं आहे. जुन्या मुंबई इलाख्याच्या पोलिसांची पितळी बक्कलं, आणि त्याहून दुर्मीळ म्हणजे १९४८ मध्ये विलीन झालेल्या भोर, औंध, सांगली अशा संस्थानांच्या पोलिसांची. ही मिळाली तर सोडू नका, कारण संस्थानी पोलिसांवर लिहिलं फार कमी गेलंय. पण सध्या चालू असलेल्या खात्याचे बिल्ले, टोपीवरची चिन्हं, खांद्यावरच्या पट्ट्या जमवू नका, आणि जुनं काही असलं तरी अंगावर चढवून फोटो, गाडीवर लावून मिरवणं अजिबात नको. पोलीस नसताना पोलिसाचा वेश किंवा खूण लोकांना तसं भासावं म्हणून वापरणं हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम १७१ होतं, आता न्याय संहितेत २०५.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेतला, तिथे सकाळी लवकर जा कारण व्यापारी तुमच्या आधी फिरून गेलेले असतात. चामड्याच्या वस्तूंच्या ढिगात होल्स्टर असतात, पण बरीचशी लष्कराची, कॅनव्हासची. पोलीस होल्स्टर ओळखायला आकार बघा, आतल्या बाजूला रिव्हॉल्व्हरचा ठसा उमटलेला असतो, सिलिंडरचा फुगवटा आणि नळीची लांबी त्यावरून मोजता येते, मग ते कशासाठी होतं ते कळतं. तिथेच कुणी काडतूस दाखवलं, भले हिरवं पडलेलं असो, तर हात लावू नका आणि पुढे चला. काडतुसालाही परवाना लागतो आणि जुनी दारू भरवशाची नसते. सुटं सिलिंडर, नळी, फ्रेम हेही तसंच, घ्यायचंच नाही.

पाहायला आणि वाचायला पुण्यात भरपूर आहे. बाजीराव रोडजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, तिथे बहुतेक माल रिव्हॉल्व्हरच्या आधीच्या काळातला, पण शस्त्रावरची झीज खरी कशी दिसते ते काचेतून निवांत बघता येतं. घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचं संग्रहालयही बघा. कागदासाठी पुणे पुराभिलेखागार आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनची संस्था, तिथे जाताना नेमका प्रश्न घेऊन जा. "पोलीस रिव्हॉल्व्हर बद्दल काही आहे का" असं विचारलंत तर कुणी काही करू शकत नाही, "अमुक जिल्हा, अमुक दशक, पोलीस साहित्याची खरेदी" असं विचारलं तर यादीत शोधता येतं.

चौथं काम, माणसांशी बोला

खरा खजिना हाच आहे आणि तो दरवर्षी कमी होतोय. पुण्यात निवृत्त पोलिसांची कुटुंबं भरपूर आहेत, शिवाजीनगर आणि स्वारगेटच्या पोलीस लाइनीत वाढलेले लोक आता धायरी, वडगाव, आंबेगाव, कुठे कुठे राहायला गेलेत. ज्यांनी वेब्ली स्वतः वापरली ते आता खूप म्हातारे आहेत. जाऊन बसा, चहा घ्या, आणि वस्तू विकत मागू नका. पहिला प्रश्न वस्तूचा नकोच. "काका, तुमचा बक्कल नंबर किती होता?" एवढं विचारा. शिपाई किंवा हवालदार म्हणून ज्याने नोकरी केली त्याला तो नंबर झोपेतही आठवतो, आणि तिथून पुढे सगळं आपोआप निघतं, कुठलं ठाणं, साहेब कोण, शस्त्रागारातून रिव्हॉल्व्हर कसं मिळायचं, वहीत नोंद कशी व्हायची, वर्षातून किती राउंड मारायला मिळायचे, पावसात होल्स्टर कसं फुगायचं. साध्या शिपायाला रिव्हॉल्व्हर मिळायचंच नाही, त्याच्याकडे लाठी आणि फार तर .४१० ची मस्केट, .३०३ वरून बदलून केलेली. हे असं प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलं की मग बाजारात कुणी "हे आमच्या हवालदार आजोबांचं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर" म्हणालं की प्रश्न कुठे विचारायचा ते कळतं.

परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. फोटोचा फोटो काढताना मागची बाजूही काढा, मागेच स्टुडिओचा शिक्का आणि कधी पेन्सिलीने लिहिलेली नावं असतात. फोटोतले कोण कोण ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि खाली तारीख टाकून सही घ्या. कुणी प्रेमाने जुनं बक्कल किंवा शिट्टी दिली तर एका साध्या कागदावर कुणी, कधी, कशी दिली ते लिहून घ्यायला लाजू नका. घरच्यांना विचारल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाकडून काही उचलून आणू नका, ते बरोबर नाही.

पाचवं काम, खोटं ओळखायला शिका

खात्याचा शिक्का मारलेला असला की किंमत कित्येक पट होते, म्हणून शिक्के खोटे मारले जातात. बघायचं असं: शिक्क्याच्या खड्ड्याच्या आत काय रंग आहे. जुन्या शिक्क्यात आजूबाजूसारखाच रंग आणि मळ मुरलेला असतो, नवीन पंचमध्ये आतलं धातू चमकतं किंवा मुद्दाम काळं केलेलं दिसतं. अक्षराच्या कडेला धातू वर उचलला गेलाय आणि बोटाला धारदार लागतोय तर तो शिक्का इतक्या वर्षांत कुणाच्या हातात झिजलाच नाही. पॉलिश करून नवीन निळा मुलामा चढवलेल्या तुकड्यावर कडा गोल झालेल्या असतात, कंपनीची अक्षरं पुसट आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, पण खात्याचा शिक्का मात्र खणखणीत, असं दिसलं तर सरळ नमस्कार करून निघा. सिरियल नंबर एकाच जागी बघून थांबू नका, जुन्या स्मिथ अँड वेसनवर तो बुडाला, सिलिंडरच्या मागच्या तोंडाला आणि नळीच्या खाली असा अनेक ठिकाणी असतो आणि सगळे जुळले पाहिजेत. हे सगळं अर्थात विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या समोर, त्याने रिकामं करून दाखवल्यावर.

आणि पुण्यात गोष्टींचा मोह वेगळाच. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगट्यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर झाडली. या दोन घटनांशी कुठल्याही जुन्या वस्तूचं नातं जोडायला फार सोपं, "त्या तपासातल्या साहेबाचं होल्स्टर आहे हे" एवढं म्हटलं की झालं. पण याच घटनांचे कागद आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या इतक्या आहेत की दावा तपासता येतो. साहेबाचं नाव काय, तो तेव्हा नेमणुकीवर कुठे होता, वस्तू त्याच्या घरून तुमच्यापर्यंत कुणाकुणाच्या हातातून आली. तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल तर ती वस्तू साध्या होल्स्टरच्या भावाने घ्या नाहीतर राहू द्या.

पुण्याच्या पावसात सांभाळायचं कसं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा पोलाद आणि चामडं दोन्हीला वाईट. परवान्यावरचं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये घालून कधीच ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेल्या रसायनांनी पोलाद खराब होतं, एका पावसाळ्यात डाग पडतात जे परत जात नाहीत. हाताळल्यावर बोटांचे ठसे पुसा, घामातलं मीठच गंजवतं, हलकं तेल किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, आणि कुलपाच्या लोखंडी कपाटात सिलिका जेल ठेवा, ते दर काही आठवड्यांनी गरम करून परत वापरता येतं.

पितळी बक्कल आणि शिट्टीला पीतांबरी लावू नका. घरातल्या आईला किंवा मावशीला आधीच सांगून ठेवा, दिवाळीच्या साफसफाईत समई-निरांजनांबरोबर घासून चकचकीत झालेली जुनी बक्कलं मी पाहिलीयत आणि त्यांच्यावरचे अर्धे नंबर गेलेले असतात. कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं, एवढं पुरे. चामड्यावर तेल ओतू नका, फार तेलाने ते लुळं पडतं आणि टाके सुटतात. लाल भुकटी सुटायला लागली असेल तर ती चामडं आतून कुजल्याची खूण आहे, ते वळवू नका, आम्लरहित कागदात सपाट ठेवून द्या.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुराणवस्तू कायदा १९७२ खाली येऊ शकतात आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणजे परदेशातल्या कुणी ऑनलाइन चांगला भाव दिला तरी जुनं बक्कल पार्सल करायचं नाही.

फाइल

प्रत्येक वस्तूला एक पान. दोन्ही बाजूंचे फोटो, शिक्क्यांचे जवळून फोटो, मापं, वजन, कुठून घेतली, कधी, किती रुपयांना, विकणाऱ्याने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, आणि त्यातलं काय तुम्ही तपासलंत ते वेगळ्या रंगाने. ऐकलेलं आणि तपासलेलं एकत्र लिहू नका, पाच वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही कुठलं कोणतं. कंपनीचं पत्र आलं की त्याची एक प्रत फाइलमध्ये, मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये.

परवान्यावरचं शस्त्र असेल तर फाइलचं पहिलं पान त्याचं करा: परवान्याचा युनिक नंबर, मुदत कधी संपते, शस्त्राचा मेक, बोअर, सिरियल नंबर, आणि आपल्या पश्चात घरच्यांनी ते कुठल्या ठाण्यात किंवा कुठल्या विक्रेत्याकडे जमा करायचं. हे पान बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवा आणि कपाटाची किल्ली कुठे आहे तेही सांगून ठेवा.